तिसरं चालू

डिस्ने वर्ल्डला निघालेल्या प्रत्येक मराठी कुटुंबात एक एक्सेलवाला असतो. आमच्यात ते दाजी. ताईच्या न्यू जर्सीच्या घरी आमच्या बॅगाही उघडल्या नव्हत्या, तोवर त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तक्ता दाखवला. कुठल्या पार्कात किती वाजता शिरायचं, कुठली राइड सकाळीच उरकायची, कुठली लोक परेड बघायला गेले की गाठायची, सगळं रंगीत चौकटींत बसवलेलं. ताईच्या मुलाची, आरवची, दुपारची झोप हिरव्या चौकटीत होती. त्याचं रडणं मात्र कुठेच धरलेलं नव्हतं. बाबांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाने विचारावा तोच प्रश्न विचारला, "यात लेट धरलाय का?"

लेट धरायला हवाच होता. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळचं हे प्रकरण सुमारे ४० चौरस मैलांवर पसरलेलं आहे. १९७१ साली मॅजिक किंगडम उघडलं, १९८२ साली एपकॉट, १९८९ साली हल्ली ज्याला हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते, आणि १९९८ साली अ‍ॅनिमल किंगडम. एकेक पार्क म्हणजे एकेक दिवस, आणि संध्याकाळी पाय आपलेच आहेत का हे चाचपून बघायचं.

"अडीच वर्षांच्या पोराला त्यातलं काय कळणार?" हे आम्हाला शेजारच्या कुलकर्ण्यांपासून विमानातल्या अनोळखी गृहस्थांपर्यंत सगळ्यांनी विचारलं. माझं मत असं झालंय, की एवढ्या मुलाला राइड कळत नाही, पण राइडच्या आजूबाजूचं सगळं कळतं. आणि तिथल्या लोकांनी आजूबाजूला बरंच काही पेरून ठेवलंय. त्यातलं पुष्कळसं फुकट, आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही असं. माझ्या आईने आयुष्यभर भाजीवाल्याकडून कोथिंबीर वर मागून घेतली आहे. दाजींच्या तक्त्यात जे नव्हतं ते सगळं तिने शोधून काढलं.

पहिली वसुली वयाची. तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे तिकीटच लागत नाही. तीन ते नऊ हे बालवय, दहाव्या वर्षापासून माणूस मोठा. लहान मुलाच्या तिकिटात निम्मी सूट असेल अशा भ्रमात मात्र राहू नये, फरक नावापुरता असतो. एसटीच्या अर्ध्या तिकिटावर वाढलेल्या आमच्या पिढीला वय चोरायचं शिक्षण घरीच मिळालं. नववीत मिसरूड फुटेपर्यंत मी कंडक्टरसमोर बाराच्या आतला होतो. आरवच्या बाबतीत तर खोटं बोलायची गरजच नव्हती, याची आईला थोडी रुखरुखच लागली.

पण वयाचा खरा उपयोग पुढेच होता. आरवचं जावळ राहिलं होतं. पहिल्या वर्षी ताईला भारतात येणं जमलं नाही, दुसरं वर्ष सम म्हणून बाद. आता तिसरं चालू होतं. शास्त्राला 'तिसरं चालू' हवं होतं आणि तिकीट खिडकीला 'तीन पूर्ण नाहीत'. दोन्ही अटींत एकाच वेळी बसणारं मूल नशीब काढूनच येतं, असं आईचं म्हणणं. त्यात दाजींनी इंटरनेटवर शोध लावला, की मॅजिक किंगडममध्ये चक्क न्हावी आहे.

आत शिरलं की मेन स्ट्रीटच्या तोंडाशी जो चौक लागतो, तिथे हार्मनी बार्बर शॉप नावाचं चिमुकलं दुकान आहे. मेन स्ट्रीट म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गावाचा देखावा, पण या दुकानातल्या खुर्च्या बसायच्या, कात्र्या चालणाऱ्या आणि माणसं खरोखर केस कापणारी. आधी वेळ ठरवून गेलेलं बरं. पहिल्यांदा केस कापून घेणाऱ्या मुलाला तिथे प्रमाणपत्र मिळतं आणि 'माय फर्स्ट हेअरकट' असं भरतकाम केलेली मिकीच्या कानांची टोपी मिळते. आमच्या नाशिकच्या व्याह्यांनी दाजींचं जावळ काढलं तेव्हा न्हाव्याला शिधा द्यावा लागला होता. इथे न्हावीच उलट टोपी घालतो म्हटल्यावर आईचा विरोध मावळला.

अर्थात अटी होत्या. मूल मामाच्या मांडीवर हवं. मला पुण्याहून नेण्यामागचं खरं कारण मला तिथे कळलं. केस जमिनीवर पडू द्यायचे नाहीत, आत्याने पदरात झेलायचे. आणि राहुकाळ टाळायचा. राहुकाळ नाशिकचा धरायचा की फ्लोरिडाचा, यावर विमानात चर्चा झाली. सूर्योदय जिथला, राहुकाळ तिथला, असा निर्णय बाबांनी दिला आणि दाजींनी तक्त्यात एक नवा रकाना वाढवला. अमेरिकेत राहुकाळ धरून राइडचं नियोजन करणारं ते बहुधा पहिलंच एक्सेल असावं.

खुर्चीत मी, माझ्या मांडीवर आरव, दोघांवर मिळून एक कापड. केस कापणाऱ्या बाई हसतमुख. त्यांनी आधी आरवच्या हातावर एक स्टिकर चिकटवलं, मग माझ्या कपाळावर. मग साबणाचे फुगे सोडले. आरव फुग्यांकडे बघत राहिला आणि कात्री केव्हा चालायला लागली हे त्याला कळलंच नाही. आत्या नाशिकहून व्हिडिओ कॉलवर होती. तिच्याकडे रात्रीचे आठ वाजून गेलेले, मागे कुकरच्या शिट्ट्या. तिने गाऊनवरच ओढणी घेऊन पदर पसरला. आता पदर नाशिकला आणि केस फ्लोरिडात, यावर ताईने तोडगा काढला. फोन आडवा धरला आणि आरवच्या कानाखाली नेला. पहिली बट सुटली ती थेट स्क्रीनवर, आत्याच्या पदरात. "पडला गं, पडला!" आत्या ओरडली. नंतरच्या बटा तिच्या तोंडावर पडल्या, पण तेवढं चालतं.

आईने खुणा करून पूर्ण गोटा करायला सांगितलं. बाईंनीही खुणा करूनच समजावलं, की मग टोपी घसरेल. टोपीचा मुद्दा बिनतोड होता. शेवटी त्यांनी आरवच्या डोक्यावर चमचमती भुकटी भुरभुरवली. अक्षतांची पुडी उघडून बसलेल्या आईने त्याच ओघात आपल्याही टाकून घेतल्या. दुकानाबाहेर काचेला नाक लावून उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. केस झिपलॉकच्या पिशवीत गेले. दुपारी आईने पार्कातल्या नदीकडे बघून जरा विचार केला, पण बाबांनी सांगितलं, "ही खणलेली आहे." मग ती पिशवी जेजुरीपर्यंत गेली.

हे झाल्यावर आम्हाला बिल्ल्यांचा पत्ता लागला. पार्कातल्या चौकशीच्या खिडकीवर गोल बिल्ले फुकट मिळतात. पहिली भेट असेल तर त्याचा, वाढदिवस असेल तर त्याचा, आणि एक असा, की 'मी साजरं करतोय' एवढं छापलेलं आणि काय ते आपण लिहायचं. ताईने आरवच्या बिल्ल्यावर जावळाबद्दल लिहिलं. बाबांनी स्वतःसाठी एक मागून घेतला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात इंग्रजीत 'निवृत्ती' लिहिलं. निवृत्त होऊन त्यांना तप उलटलंय. पण तिथल्या नोकरवर्गाला बिल्ला वाचून अभिनंदन करायची सवयच आहे. झाडूवाला अभिनंदन करतो, आइस्क्रीमवाली अभिनंदन करते, आणि बाबा प्रत्येकाला थांबवून बार्शी लाइट रेल्वेचा इतिहास सांगतात. निवृत्तीच्या दिवशी कुर्डुवाडीला त्यांना एक शाल, एक नारळ आणि वरिष्ठांचं पाच मिनिटांचं भाषण मिळालं होतं. इथे दिवसभरात साठेक लोकांनी हात मिळवले. दुसऱ्या दिवशी बाबांनी शर्ट बदलला, बिल्ला तोच.

आईचं मन मात्र रमलं ते क्रिस्टल पॅलेस नावाच्या उपाहारगृहाशेजारच्या एका शांत खोलीत. बेबी केअर सेंटर. तशी सोय चारही पार्कांत आहे. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी डुलत्या खुर्च्या, बाळांना बदलायला टेबलं, उंच खुर्च्या, मुलांच्या मापाचं संडासचं भांडं, आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात मायक्रोवेव्ह. वर वातानुकूलित. फ्लोरिडाच्या उन्हात शिजून निघालेल्या माणसाला राजकन्येचा किल्लाही याच्यापुढे फिका. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, काच आणि दारू सोडून, हे कळल्यापासून आईच्या पिशवीत मऊ भात, वरण, मेथीच्या दशम्या आणि गूळपापडी असे. मायक्रोवेव्हचं दार उघडलं आणि हिंगाचा वास सुटला, की शेजारच्या गोऱ्या आया मान वर करून बघत. एकीने विचारलं, तर आईने चमचाभर वरण तिच्या बाळाला भरवलंच. बाळाने अजून मागितलं. ती बाई हरखली, म्हणाली सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. आईने ताईकडे बघितलं. त्या नजरेत ताईच्या साऱ्या डबाबंद बेबी फूडचा निकाल होता.

पाण्याचंही तसंच. काउंटरवर पेयं देणाऱ्या उपाहारगृहात मागितलं की बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात. बाटलीचे डॉलर गुणिले रुपये असा हिशोब आई मनातल्या मनात करत असे, आणि उन्हाचा जोर वाढला की दर अर्ध्या तासाने सहा पेले घेऊन येत असे. आरव सोडला तर आम्ही पाचच जण होतो.

एका दुपारी आरव मिकीला भेटला. मिकी बोलत नाही, हे ठाऊक असावं. आरव त्याला बघून माझ्या पायामागे लपला, तेव्हा गप्पांची जबाबदारी आईने घेतली. पोरगं जेवत कसं नाही, झोपेच्या वेळा कशा बिघडल्यात, सूनबाई नव्हे मुलगीच आहे पण ऐकत नाही, हे तिने मिकीला शुद्ध मराठीत सांगितलं. मिकीने मान डोलावली, गालाला हात लावला, छातीवर हात ठेवला. "किती ऐकून घेतो," बाहेर आल्यावर आई म्हणाली. बाबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आता उंचीचं. वयात मूल लहान असेल तितकं बरं आणि उंचीत मोठं असेल तितकं बरं, असा इथला पेच आहे. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४. दारात मोजायची काठी असते. "ताठ उभा राहा रे बाळा," आई म्हणायची, आणि बोटांच्या चिमटीत त्याचे उरलेसुरले केस वर ओढायची. चारपाच इंच केसांनी भरून निघत नाहीत. पण त्यांनी यावरही सोय केलीय, तिचं नाव रायडर स्विच. रांगेच्या तोंडाशी सांगायचं, की आमचं मूल बसण्याजोगं नाही. मग आईवडिलांपैकी एकाने राइड करून यायची, दुसऱ्याने मुलापाशी थांबायचं, आणि नंतर दुसऱ्याने परत सगळी रांग न लावता जायचं. कल्पना उत्तमच. आमच्याकडे एवढंच झालं, की दाजी गेले, मग ताई गेली, तिच्या सोबतीला बाबा गेले, आणि मुलापाशी थांबणारा तेवढा कधी बदलला नाही. जावळानंतर मामाचं काय करायचं हे शास्त्रात सांगितलेलं नाही, त्याचा हा फायदा.

माझी काही तक्रार नाही. आरव आणि मी बदकं बघितली. तिथे पांढऱ्या आयबिस पक्ष्यांच्या टोळ्या हिंडतात, वाकड्या चोचीच्या, सांडलेल्या फ्राइजवर टपलेल्या. आरव त्यांच्यामागे धावायचा, ते चार पावलं पुढे जायचे, पुन्हा थांबायचे. हा खेळ त्याला कोणत्याही राइडपेक्षा पसंत पडला. त्याला उंचीची अट नव्हती.

बाबांना जे सापडलं त्याला मात्र वयाचीही अट नव्हती. मॅजिक किंगडमभोवती दीड मैलाचा रूळ आहे आणि त्यावर वाफेची गाडी धावते. लोक ती पाय मोकळे करण्याऐवजी पाय दुखतात म्हणून पकडतात. बाबा इंजिनाजवळ गेले आणि तिथेच थबकले. ही खेळण्यातली इंजिनं नाहीत. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात १९१६ ते १९२८ या काळात बनलेली चार इंजिनं, मेक्सिकोतल्या युकातान प्रांतात राबून राबून थकलेली. डिस्नेच्या लोकांनी ती भंगारात जाण्याआधी उचलली, दुरुस्त केली आणि रंगवली. "तीन फुटी," बाबा रुळाकडे बघून म्हणाले. "आपली अडीच फुटी." नॅरो गेजमध्येही भाऊबंदकी असते, हे मला तेव्हा समजलं. ड्रायव्हरने आरवला हात केला. बाबांनी हात केला. ड्रायव्हरने बाबांचा बिल्ला वाचला. पुढचं सांगायला नको. गाडी मात्र वेळेवर सुटली, बाबांनी घड्याळ बघून तसं जाहीर केलं.

तोच प्रकार फिरत्या घोड्यांचा. प्रिन्स चार्मिंगच्या नावाचं ते चक्र १९१७ सालचं, लाकडी, हाताने कोरलेल्या घोड्यांचं. आधी डेट्रॉइटला होतं, मग न्यू जर्सीतल्या मेपलवूडच्या ऑलिंपिक पार्कात गेलं, तिथून डिस्नेने १९६७ साली विकत घेतलं. दाजींनी ही माहिती कौतुकाने वाचून दाखवली आणि मधेच त्यांचा आवाज खाली आला. मेपलवूड त्यांच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. म्हणजे जवळचाच घोडा बघायला आम्ही विमानाने जवळपास हजार मैल आलो होतो. वॉल्ट डिस्ने सांगत, की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मुली चक्रावर बसत आणि ते स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसत, तेव्हा त्यांच्या मनात आलं, की आईबापांनाही काही करता येईल अशी एखादी जागा हवी. त्या एका कंटाळलेल्या बापामुळे जगभरातल्या बापांची बँक खाती हलकी झाली. शेंगदाणे किती स्वस्त होते!

अ‍ॅनिमल किंगडममध्ये मुलांसाठी वाइल्डरनेस एक्सप्लोरर्स नावाचा उद्योग आहे, 'अप' या २००९ सालच्या चित्रपटातल्या बालवीरांवरून घेतलेला. एक पुस्तिका फुकट देतात. पार्कात जागोजागी टेबलं. तिथे जायचं, प्राण्याबद्दल काहीतरी शिकायचं, उत्तर द्यायचं, की बिल्ल्याचं स्टिकर मिळतं. सुरुवातीला शपथ घ्यावी लागते: हात वर करून कावळ्यासारखं ओरडायचं आणि मग डरकाळी फोडायची. आरवने पुस्तिकेचा कोपरा चावला आणि झोपी गेला. पुस्तिका वाया जाऊ नये म्हणून बाबांनी शपथ घेतली. आयुष्यात गणेशोत्सवाच्या आरतीतही ज्यांनी आवाज चढवला नाही, ते आफ्रिकेच्या नकली जंगलात, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभे राहून डरकाळले. मग त्यांनी एकेक स्टिकर वर्कशॉपचं लॉगबुक भरावं तसं मिळवलं.

तिथल्या आशिया विभागात आनंदपूर नावाचं काल्पनिक गाव आहे. भिंतींचा रंग मुद्दाम पोपडे काढून लावलेला, लोंबत्या तारा, टेकवलेल्या सायकली, भिंतीवर रंगवलेल्या जाहिराती, एक चहाची टपरी. अमेरिकन लोक भारावून फोटो काढत होते. आई एका भिंतीजवळ थांबली, नखाने खरवडून बघितली आणि म्हणाली, "आपल्या सोसायटीत हे फुकट आहे." पुढे काली रिव्हर रॅपिड्स नावाची तराफ्याची राइड लागते. नाव ऐकून तिने आधी नमस्कार केला. ती राइड माणसाला नखशिखांत भिजवते. कालीमातेचं तीर्थ म्हणून तिने ते अंगावर घेतलं खरं, पण परतताना कोरडा टॉवेल माझ्याकडून घेतला.

शेवटच्या रात्री फोर्ट विल्डरनेस या त्यांच्या तंबूंच्या वसाहतीत गेलो. तिथे चिप आणि डेल या खारींबरोबर शेकोटीभोवती गाणी म्हणायचा कार्यक्रम होतो. तो फुकट, आणि वसाहतीत उतरलेलं असायची गरज नाही. काडीला मार्शमेलो टोचून विस्तवावर धरायचे. आईने एक हातात घेऊन दाबला, परत फुगला. त्यात काय असतं, असं तिने विचारलं. ताई गप्प. दाजींनी फोनवर बघून जिलेटिन म्हणून सांगितलं. जिलेटिन कशाचं, याचं उत्तर मिळाल्यावर आईने तो मार्शमेलो अलगद बाबांच्या काडीला टोचला आणि पिशवीतली दशमी काढून शेकोटीवर धरली. खमंग वास सुटला. दोन्ही खारी जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही खाता येत नाही, फक्त बघता येतं.

परत आल्यावर पुण्यात आई या विषयातली जाणकार मानली जाते. कोणाचा मुलगा अमेरिकेत आणि नातू तीनच्या आत असला, की फोन येतो. परवा सदाशिव पेठेतल्या वर्तकबाईंचा आला. अर्धा तास आईने त्यांना सगळं लिहून घ्यायला लावलं: बिल्ले कुठे, मायक्रोवेव्ह कुठे, न्हाव्याची वेळ आधी ठरवा, शेकोटीला दशम्या न्या. शेवटी वर्तकबाईंनी चाचरत विचारलं असावं, की एकंदर खर्च किती येतो. आई क्षणभर थांबली.

"पाणी फुकट असतं," ती म्हणाली.